कोऱ्या पानांचा तास

चौथीच्या बाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस गावात आता एकही उरलं नव्हतं. आईवडील गेले, नवरा "अगं" म्हणायचा, नात "आजी" म्हणायची आणि उरलेलं सगळं गाव "चौथीच्या बाई" म्हणून मोकळं व्हायचं. एकतीस वर्षं त्या त्याच वर्गावर, त्याच खिडकीजवळ होत्या. अर्ध्या गावाने त्यांच्याकडून कान पिळून घेतले होते. टपालवाला चुकीच्या दारात पत्र टाकून गेला तर त्या त्याला रस्त्यात गाठून सांगायच्या, "नकाशाच्या तासाला तू खिडकीबाहेर बघत होतास. मला आठवतंय." आणि मिशा पिकू लागलेला तो गृहस्थ मान खाली घालायचा.

बाई फार थोर शिक्षिका होत्या असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. शेवटच्या तासाला त्यांना पेंग यायची. अक्षर वाईट असलेल्या मुलांवर त्यांचा उगीचच राग असायचा. पण भागाकार शिकवावा तर त्यांनीच. वर्गात एकशे बत्तीस फरश्या होत्या. मुलांना त्या फरश्यांवर उभं करायचं, गट पाडायचे, उरलेल्या फरश्यांवर दप्तरं ठेवायची आणि म्हणायचं, "ही बघा बाकी." नदी शिकवायची तर बादलीभर पाणी पटांगणात ओतायच्या आणि पोरांना सांगायच्या, पळा तिच्यामागे, कुठे जाते बघा. चिखलाने माखलेली मुलं घरी गेली की आया शाळेत भांडायला यायच्या. बाईही पदर खोचून भांडायच्या. त्या भांडणांची दोन्हीकडच्यांना सवय होती.

शाळा होती गावाची. म्हणजे गावाने निवडलेली एक समिती होती, तिला एक सभापती होते आणि सभापतींना एक मेहुणा होता. एवढं सांगितलं की जाणत्याला पुढचं सांगावं लागत नाही. कुंपणानेच शेत खायला घेतल्यावर राखण कोण करणार? छप्पर मेहुण्याने घातलं, बाकं मेहुण्याने आणली, संडासाला दारं लावायची मेहुण्याच्या लक्षात राहिली नाहीत. समितीची बैठक भरली की कुणाची तसबीर कुठल्या भिंतीवर लावायची यावर दोन-दोन तास वाद चालायचा. आणि तिकडे सहावीतल्या चाळीस मुलांपैकी एकोणतीस मुलांना एक परिच्छेद धड वाचता येत नव्हता. बाईंना नोकरी ह्याच सभापतींनी दिली होती, बाईंच्या मामाच्या शब्दावर. म्हणून छप्पर सुरक्षित असल्याच्या कागदावर शिक्षकांतर्फे सही करायची वेळ आली, तेव्हा बाईंनी एकदा वर बघितलं, भेगा बघितल्या, आणि खाल्ल्या मिठाला जागल्या. सही केली. पुढच्या महिन्यात तिसरीच्या वर्गात छताचा एक तुकडा बाकांवर पडला. रविवार होता म्हणून कुणी गेलं नाही. त्या सहीबद्दल बाईंनी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. त्यांचा नवरा नळाची कामं करायचा. तो एवढंच म्हणाला, "गळती आधी भिंतीत मुरते, मग दिसते." त्याचं तत्त्वज्ञान सगळं पाइपातूनच यायचं.

तुकडा पडल्यावर राज्याला जाग आली. नापास शाळांच्या यादीत गावाची शाळा गेली आणि एका सोमवारी फाटकावरची समितीची पाटी उतरली. शाळा राज्याच्या शिक्षण खात्याकडे गेली. दोन वर्षं खातं चालवणार, मग गावात सुनावणी होणार, आणि शाळा गावाला परत द्यायची की खात्याकडेच ठेवायची हे तेव्हा ठरणार, असा हुकूम होता. लोकांनी पेढे वाटले नाहीत एवढंच, पण बरं झालं असं सगळेच म्हणाले. बाईही म्हणाल्या.

पहिल्या दिवशी राजधानीतून एक प्रशासक आले. करड्या कपड्यातला शांत माणूस. सगळ्या वर्गांत फिरले, प्रत्येक बाकावर तळहात टेकवून पुढे गेले, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. ते पुन्हा कधी कुणाला दिसले नाहीत. त्यानंतर यायची ती नुसती खोकी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच; फरक एवढाच, की ह्यांचा उंटसुद्धा कुणाच्या नजरेस पडला नाही. पण न्यायाने बोलायचं तर तीन महिन्यांत नवं छप्पर झालं, संडासांना दारं आली, कड्यासुद्धा आल्या. गावाला जे तीस वर्षांत जमलं नव्हतं ते न दिसणाऱ्या माणसांनी करून दाखवलं.

खोक्यांतून पुस्तिका यायच्या. रोजच्या प्रत्येक तासाची एक, राखाडी पुठ्ठ्याची. पानाच्या डाव्या अंगाला बाईंनी काय बोलायचं ते शब्दन् शब्द, उजव्या अंगाला मुलांनी काय करायचं ते. समासात मिनिटं छापलेली. "सातवे मिनिट : मुले हसतील." "बाविसावे मिनिट : तिसऱ्या बाकावरील विद्यार्थिनी प्रश्न विचारेल." आणि तो प्रश्नही खाली छापलेला. पुस्तिका मुलांना दाखवायची नाही. पुस्तिकेबाहेर एक शब्द बोलायचा नाही. फळ्याच्या वर एक पांढरी डबी बसवली होती, ती वर्गातलं बोलणं ऐकायची, आणि दर शनिवारी बाईंच्या नावाने एक अहवाल यायचा : संहितेशी जुळणी अमुक टक्के. जुळणी कमी झालेल्या सातवीच्या सरांची एका महिन्यात बदली झाली. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांनी फरश्यांकडे बघणं सोडलं आणि पुस्तिका वाचायला घेतली.

सुरुवातीला गंमत व्हायची. सातव्या मिनिटाला कुणी हसायचं नाही, आणि नको तिथे सगळा वर्ग खिदळायचा. बाई घरी येऊन नवऱ्याला सांगायच्या, "अहो, आजही नाही हसली पोरं. बिचाऱ्या लिहिणाऱ्याला किती वाईट वाटेल!" दोघं पोट धरून हसायचे. मग कधीतरी, दिवाळी नाही की दसरा नाही अशा एका साध्या मंगळवारी, सातव्या मिनिटाला सगळा वर्ग हसला. बाईंना बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशीही हसला. तिसऱ्या दिवशी बाईंनी मुलांकडे बघितलं. सगळ्यांची तोंडं एकदम उघडली होती आणि एकदम मिटली, दिव्याचं बटण दाबावं तशी. मुलांना उजवी बाजू कुणी वाचून दाखवली नव्हती.

हसण्याचं एक वेळ चालून गेलं असतं. बाईंच्या जिवाला लागला तो तिसरा बाक. कोणी कुठे बसायचं त्याचा तक्ता खात्याने पाठवला होता, आणि दुसऱ्या वर्षी तिसऱ्या बाकावर आली ती नुकतीच चौथीत गेलेली बाईंची नात.

बाईंची मुलगी दुसऱ्या गावी इस्पितळात परिचारिका होती, पाळ्या उलटसुलट, म्हणून नात आजीआजोबांकडे राहायची. आजोबांनी तिचं नाव ठेवलं होतं चौकशी. डोळे उघडल्यापासून पोरीचे प्रश्न सुरू. पाणी खाली पडताना एवढा आवाज करतं, मग वर ढगात चढताना का नाही करत? मेलेल्या माणसाच्या चपला कुणाच्या असतात? तू लहान असताना माझी आजी कोण होती? आजोबा म्हणायचे, "हिला पोलिसात घाला, चोर प्रश्नांनीच जीव देतील." बाई वैतागायच्या, पण वर्गात सुरुवातीला ती हात वर करायची तेव्हा त्यांना आतून गुदगुल्या व्हायच्या. घरी "आजी", वर्गात "बाई", हे पोरीने पहिल्याच दिवसापासून चोख पाळलं होतं.

आता ती वर्गात बरोब्बर बाविसाव्या मिनिटाला हात वर करायची आणि छापलेला प्रश्न विचारायची. घरी मात्र ताट समोर आलं की जेवायची, अंथरूण घातलं की झोपायची. आजोबांनी मुद्दाम चिडवलं, "काय गं चौकशी, आज काहीच चौकशी नाही?" ती म्हणाली, "नाही आजोबा." आणि ह्या "नाही"ला शेपूट नव्हतं. बाईंना रडू आलं. त्या भांडी घासायला मोरीत गेल्या.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर एक दिवस पाण्याच्या चक्राचा पाठ होता. बाईंनी सवयीने पुस्तिका आधी चाळली नव्हती. पाच-सहा मिनिटं वाचून त्यांनी पान उलटलं, आणि पुढची दोन पानं कोरी निघाली. छपाईची चूक. पांढरीफटक पानं, समासात मिनिटंसुद्धा नाहीत. त्यांच्यापुढे पंचाईत उभी राहिली. पुस्तिकेबाहेर बोलायचं नाही, आणि पुस्तिकेत तर काहीच नाही. एकतीस वर्षांत पाण्याचं चक्र त्यांनी झोपेतही शिकवलं असतं. पण वर डबी होती. बाईंनी शहाणपणा केला. हाताची घडी घातली, ओठ मिटले, आणि पानांची वेळ संपेपर्यंत उभं राहायचं ठरवलं.

त्यांना वाटलं, आता पोरं दंगा करतील. निदान कुणी विचारेल तरी, बाई, गप्प का झालात? कुणी विचारलं नाही. चाळीस जोडी डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते, ऐकणाऱ्या माणसाचे असतात तसे. थोड्या वेळाने सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. मग सगळी हसली. मग वह्या उघडल्या आणि लिहू लागली, मध्येच थांबून वर बघत, बाईंचं पुढचं वाक्य ऐकून पुन्हा खाली मान घालत. वर्गात पेन्सिलींखेरीज कसलाही आवाज नव्हता. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. बाविसावं मिनिट लागलं आणि तिसऱ्या बाकावर हात वर झाला.

"बाई, परत येतं ते पाणी आधीचंच असतं का?"

उत्तराएवढा वेळ ती उभी राहिली. मग "समजलं, बाई," म्हणून खाली बसली.

तास संपल्यावर बाईंनी एका मुलाची वही ओढून घेतली. त्यात नीटनेटकी अकरा वाक्यं होती. दुसऱ्याच्या वहीत तीच अकरा. त्या वही मिटून बाहेर आल्या तोच पलीकडच्या वर्गातले पाचवीचे सर भेटले. दोन वर्गांच्या मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत होती, इकडचं तिकडे सगळं ऐकू जायचं. सर म्हणाले, "बाई, आज काय आवाज लागला होता तुमचा! खणखणीत. मी माझं थांबवून ऐकत होतो."

"कधी?"

"आत्ता! ते ढगांचं सांगत होतात ना तेव्हा."

बाई पुढे गेल्या. पायाखाली जमीन आहे की नाही हे बघत चालत होत्या.

घरी जाताना त्यांनी नातीचा हात घट्ट धरला. "मला सांग, आज मी तासाला काय शिकवलं?"

"पाण्याचं चक्र."

"पाच-सहा मिनिटांनंतर मी गप्प उभी होते. खरं की नाही?"

पोरीने वर बघितलं. "नाही आजी. तू बोलत होतीस."

"मी एक शब्द बोलले नाही गं!"

"बोलत होतीस," पोर म्हणाली. तिचा आवाज खोटं बोलणाऱ्या मुलाचा नव्हता. बाईंना तिचं खोटं शंभर पावलांवरून ओळखता यायचं.

शनिवारी अहवाल आला. त्या तासाची जुळणी : शंभर टक्के. त्याआधी बाईंचा आकडा कधी शहाण्णवच्या पुढे गेला नव्हता. दहा दिवसांनी एका पाकिटात दोन सुटी पानं आली, सोबत चिठ्ठी : "सदर पाने छपाईत राहून गेली होती, जोडून घ्यावीत." बाई ती पानं घेऊन स्वयंपाकघरात बसल्या. डावीकडे अकरा वाक्यं होती. उजवीकडे, बाविसाव्या मिनिटासमोर छापलं होतं : "बाई, परत येतं ते पाणी आधीचंच असतं का?"

नवऱ्याने चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. तो व्यवहारी माणूस होता, भुताखेतांशी त्याचं जमत नसे. "अगं, सगळे पाठ एकाच साच्यातले. पोरांना ताल बसलाय. आणि तूही बोलली असशील. तोंडाला वळण पडतं. मी नाही का, लग्नाच्या जेवणात बसलो तरी समोरच्या नळाचा वायसर कसा बदलायचा ते मनात करत असतो?"

"अहो, पण शब्द? मी न वाचलेले शब्द?"

त्याने पानं तिच्या हातात परत दिली. "ते मला नाही सांगता येत," तो म्हणाला. आणि उठून त्याने विनाकारण मोरीतला नळ उघडून बघितला, बंद केला.

त्या दिवसापासून बाईंना स्वतःचीच भीती वाटू लागली. बाजारात काही मागितलं की दुकानदाराच्या तोंडाकडे बघत राहायच्या, आपण म्हणालो तेच त्याला ऐकू गेलं का म्हणून. बहुतेक वेळा जायचं. पण एकदा शेजारणीला त्यांनी सांगितलं की ह्या शाळेत माझ्या नातीचं काहीतरी हरवतंय, आणि शेजारीण आनंदाने म्हणाली, "हो ना बाई, मुलं किती शिस्तीची झाली!"

सुनावणीला आता तीन आठवडे उरले होते. गावात दोन तट पडले होते. सभापती घरोघरी फिरत होते. शाळा परत मिळाली की सगळं सुधारू म्हणत होते, आणि मेहुणा त्यांच्यामागून मान हलवत फिरत होता. बहुतेक आईबापांना शाळा खात्याकडेच हवी होती. निकाल वाढले होते, हे तर कुणी नाकारत नव्हतं. खात्याच्या पत्रात लिहिलं होतं की जुन्या शिक्षकांपैकी सर्वांत ज्येष्ठ म्हणून चौथीच्या बाईंचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल. त्यांच्या शब्दाला वजन होतं. अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिळले होते ना!

बाईंनी ठरवलं, बोलायचं. पेन्शन गेली तर गेली. आपली पोर परत आणायची तर ती डबी भिंतीवरून उतरली पाहिजे, आणि शाळा परत गावाच्या हाती आली तरच ती उतरणार होती. स्वयंपाकघरात त्यांनी नवऱ्यासमोर तालीम केली. तो सिंकखाली उताणा पडून पाइप जोडत होता.

"म्हणावं, शाळा गावाला परत द्या. गाव गुणाचं नाही, मला ठाऊक आहे. छपराच्या कागदावर मीच सही केली होती, तेही सांगणार आहे. पण सभापतीच्या दारात जाऊन मला भांडता येतं. त्याच्या बायकोसमोर त्याला लाज आणता येते. पुढच्या वेळी त्याला पाडता येतं. ह्या लोकांचं दार कुठे आहे? मी कुणाशी भांडू? खोक्याशी?"

सिंकखालून आवाज आला, "हे मात्र खणखणीत झालं."

"तुम्हाला ऐकू आलं ना? काय म्हणाले मी?"

"खोक्याशी भांडू का, म्हणालीस."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या रात्री त्यांना महिन्यांनी गाढ झोप लागली.

सुनावणी शाळेच्या सभागृहात, सकाळी अकरा वाजता होती. टेबलामागे तीन अधिकारी बसले होते, करड्या कपड्यांतले, शांत. समोर गाव. नळवाले आजोबा नातीला घेऊन मागच्या रांगेत बसले होते. आधी सभापती बोलले आणि नेहमीप्रमाणे स्वतःबद्दल बोलले. मग काही पालक बोलले. मग बाईंचं नाव पुकारलं गेलं. खरं नाव, ज्याला ओ द्यायला त्यांना क्षणभर वेळ लागला.

त्या उभ्या राहिल्या आणि सगळं बोलल्या. सही सांगितली. छताचा तुकडा सांगितला. कोरी पानं सांगितली, मुलांच्या एकदम डोलणाऱ्या माना सांगितल्या. म्हणाल्या, मुलं पास होतायत पण वर्गात कुणी नाहीये, मीसुद्धा नाहीये. म्हणाल्या, आमची वाईट शाळा आम्हाला परत द्या, आम्ही तिच्याशी भांडू. बोलता बोलता छातीवरचा दगड उतरत होता. सहीचं सांगितल्यावर सभापती उसळून उठतील अशी त्यांची खात्री होती. सभापती पडल्या चेहऱ्याने जमिनीकडे बघत बसले होते. पालक हसऱ्या तोंडाने माना डोलावत होते. बाईंना वाटलं, पटतंय यांना. पोरांनो, पटतंय तुम्हाला!

त्या खाली बसल्या आणि टाळ्या झाल्या. मधला अधिकारी मायेने म्हणाला, "आभारी आहोत, बाई. इतका स्वच्छ पाठिंबा आम्हाला क्वचितच मिळतो. आपल्या नातीचं उदाहरण तर आमच्या अहवालात घेऊ."

कागद आधीच टंकून तयार होता. त्याच्यावर शिक्का बसला : शाळा पुढची पाच वर्षं खात्याकडे.

बाहेर आल्यावर बाईंनी नवऱ्याचा दंड धरला. "अहो, मी काय बोलले?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. "जाऊ दे ना आता."

"काय बोलले मी?"

"खात्याने शाळेचं सोनं केलं म्हणालीस. मुलं आनंदात आहेत, माझी नातही आनंदात आहे, म्हणालीस. स्वयंपाकघरातलं एक अक्षर नव्हतं." मग हळूच म्हणाला, "भ्यालीस, त्यात काय एवढं? मी नाही रागावलो. पेन्शन आठवली असेल ऐनवेळी. माणूस आहे."

बाईंना ओरडून सांगायचं होतं की मी ते बोलले नाही. पण ओरडल्यावर त्याला काय ऐकू जाईल कोण जाणे! आणि दुसराही एक विचार होता, तो जास्त वाईट होता. छपराच्या कागदावर सही करताना त्यांच्या बोटांना कुणी धरलं नव्हतं. तेव्हा डबीही नव्हती, पुस्तिकाही नव्हती. दुसऱ्याचे शब्द आपल्या हाताने उतरवायची सवय त्यांना फार जुनी होती, आणि खात्याला हे घर उघडंच मिळालं असेल, तर दार कुणी उघडं टाकलं होतं? वाटभर त्या गप्प होत्या. निदान त्यांना तरी तसं वाटत होतं.

संध्याकाळी आजोबा कुणाचा तरी तुंबलेला नळ बघायला गेले. बाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या, समोर निवडायची भाजी तशीच पडली होती. नात येऊन टेबलाला टेकून उभी राहिली. तिच्या कपाळावर एक आठी होती, कितीतरी महिन्यांत न दिसलेली.

"आजी, मी आनंदात आहे असं तुला कुणी सांगितलं?"

बाईंच्या हातातली जुडी खाली पडली. हा प्रश्न कुठल्याही समासात छापलेला नव्हता. त्याच्यासाठी कुठलंच मिनिट ठरलेलं नव्हतं. पोर होती. आत कुठेतरी अजून होती, आणि परत आली होती ती आजीला जाब विचारायला. बाईंना तिला उचलून घ्यावंसं वाटलं आणि जमिनीत गडप व्हावंसंही वाटलं. उत्तरासाठी त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काय बाहेर पडेल याची त्यांना खात्री नव्हती.

मग त्यांनी पोरीचा हात धरला आणि तिचा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला. घट्ट दाबून धरला.

"मी बोलते," त्या म्हणाल्या. "आत हलतंय का बघ. आणि काय ऐकलंस ते मला सांग. जसंच्या तसं."

पोरीने मान हलवली.

"कुणी नाही सांगितलं. मी तुला विचारलंच नाही. मी भ्याले."

पोर लक्ष देऊन हाताकडे बघत होती, डॉक्टर बघतात तसं.

"हललं?"

"हललं."

"काय म्हणाले?"

"'मी तुला विचारलंच नाही. मी भ्याले.' असं म्हणालीस," पोर म्हणाली. "आधी 'कुणी नाही सांगितलं' पण म्हणालीस."

बाई रडायला लागल्या. आवाज करून, नाक ओढत, अगदी चौथीतल्या मुलासारख्या. पोरीने हात काढला नाही. रडणंसुद्धा हलतंय का ते ती बघत असावी. रडणं जरा ओसरल्यावर तिने विचारलं, "मग उद्या वर्गात पण मी असाच हात ठेवून उभी राहू का?"

बाई "हो" म्हणाल्या. आणि पोरीच्या तोंडाकडे बघत बसल्या, तिला काय ऐकू आलं ते कळेपर्यंत.